विहीणबाई आणि खालचे चार माग

"जावईबापू, आधी हा खडखडाट बंद करा. मग मी पोरीला घेऊन तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकते!"

एक पाय जीपमध्ये आणि एक पाय रस्त्यावर, अशा अवस्थेत मामी बोलल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. बोलल्या कसल्या, ओरडल्या. त्याशिवाय ऐकूच गेलं नसतं. आमच्या घराच्या खालच्या खोलीत आमचे विजेवरचे चार माग चालू होते, शेजारी कल्लव्वाकाकीचे चालू होते, समोरच्यांचे चालू होते. इचलकरंजीत आमच्या गल्लीत कुणी हळू बोलायला लागलं, तर आम्ही विचारतो, "घसा बसलाय काय?"

मामींच्या खांद्यावर कुंचीत गुंडाळलेली आमची चंदना होती. जीपच्या हादऱ्यात गाढ निजलेली. मागून माझी बायको त्रिशला उतरली, तिच्या मागून पाळणा, गादी, बोचकी, डिंकाच्या लाडवांचा डबा. तिसरा महिना लागला होता पोरीला, आणि मी तिला तोवर मोजून चार वेळा बघितलं असेल. बाळंतपण इथंच दवाखान्यात झालं, पण तिथून मामींनी लेक आणि नात परस्पर मळ्यातल्या घरी नेली होती. जाताना म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरात बाईमाणूस नाही, बघणार कोण?" खरंच नव्हतं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी आणि माझे वडील, अप्पा. दोघं मिळून आमटी करायचो आणि दोघं मिळून नावं ठेवायचो.

मी पळत जाऊन माग बंद केले. कल्लव्वाकाकीनंही केले, कारण भाकरतुकडा ओवाळायला तीच यायची होती. तिनं मायलेकींवरून तुकडा ओवाळून टाकला, पाण्याचं बोट चंदनाच्या डोळ्यांना लावलं, आणि चंदनानं डोळे उघडून असं भोकाड पसरलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"गार पाणी लावलंस व्हय गं?" मामी म्हणाल्या.

"कोमट हाय की!" कल्लव्वाकाकी म्हणाली, आणि दोघींचं तिथंच बिनसलं.

घरात येऊन चहा होतो न होतो तोच मामींनी निकाल सांगून टाकला. चंदना अजून रडतच होती.

"पाव्हणं, राग मानू नका," त्या अप्पांना म्हणाल्या. "पण पोर आधीच निजत नाही. मळ्यात पान हललं तरी ऐकू येतंय, एवढी शांतता. तिथं निजत नाही, ती हितं या गिरणीत काय निजणार? उद्या संध्याकाळी आमची जीप बाजार करून परत जाणार हाय. तोवर पोर नीट निजली तर ठेवा. नाही निजली तर दोघींना घेऊन जाते. दिवाळीला परत आणून सोडते."

तेव्हा चैत्र चालू होता. दिवाळी! मी बोटांवर महिने मोजले. पोरीच्या बोटाला धरून बसायचं, तिची टाळू हुंगायची, एवढ्यासाठी मी दोन महिने त्या जीपची वाट बघत होतो.

"माग बंद ठेवू की," मी म्हणालो. "आमचेच काय, गल्लीतले सगळे."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना श्वास बंद ठेवायला सांगितला होता. अप्पा मुळातच कमी बोलायचे. जन्मभर मागाच्या शेजारी उभं राहिलेला माणूस बोलून करणार काय?

आमच्या गल्लीची आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. मी घरोघरी हिंडलो, हातापाया पडलो, आणि या आठवड्यापुरती ती बुधवारी घ्यायला लावली. म्हणजे दुसऱ्या दिवशीच. "पोरीसाठी करतोय हां, तुझ्यासाठी न्हाई," असं प्रत्येकानं ऐकवलं, आणि त्या संध्याकाळपासूनच मागांचे पट्टे उतरवून ठेवले. गल्ली अशी गप्प झाली की कोपऱ्यावरच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. ते मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्याला चिंधी बांधून आलो.

आणि चंदना? ती रडत होती. थांबत होती, डुलकी घेत होती, दचकून उठत होती आणि परत रडत होती. रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले द्यायला रांग लागली. माग बंद, त्यामुळं सगळ्यांना वेळच वेळ. कल्लव्वाकाकी म्हणाली, "गॅस धरलाय, बेंबीभोवती हिंग लाव." समोरची आजी म्हणाली, "न्हाई गं, दृष्ट लागलीया, मीठमोहऱ्या उतरून टाक." तिची सून म्हणाली, "झोळी बांधा, पाळणा मानवत नसंल." एका गृहस्थानं तर, ज्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, मला बाजूला घेऊन अर्धा तास पोरं कशी सांभाळायची ते सांगितलं. ज्याच्या घरी पोर नाही त्याच्याकडं वेळ असतो, त्याचं काय चुकलं?

मामींनी आंघोळीचा कार्यक्रम केला. पाट टाकून, पाय लांब करून त्या बसल्या, पोरीला पायांवर घेतलं, तेलानं चोळलं, टाळू भरली, ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. मी टॉवेल घेऊन पुढं झालो, तर चारी बाजूंनी एकच गलका, "मान धरा! मान!" मी घाबरून माझीच मान धरली.

"अहो, तुमची न्हवं, तिची!" त्रिशला हसून हसून पडायची राहिली. मग तिनंच दाखवलं. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, आणि पोर छातीशी. "घाबरू नका. काच न्हाई ती."

मी शिकत गेलो. दूध पाजून झालं की उभं खांद्यावर घ्यायचं, पाठीवर हळू थोपटायचं, ढेकर आल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. पहिला ढेकर आला तेव्हा माझा सदरा गेला, पण मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन अप्पांना सांगून आलो. ते बंद मागाशेजारी स्टुलावर बसले होते. डोळे लाल. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि एक मोठी जांभई दिली.

ढेकर आला, पण झोप येईना. शेवटी त्रिशला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ." गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता. त्यांनी चंदनाला उलटंपालटं करून तपासलं, वजन केलं, कानात बघितलं.

"पोर ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "वजन छान भरलंय, शी-शू नीट होतेय. एवढ्या चैत्रात ही लोकरीची कुंची कशाला? तिला उकडतंय. सुती झबलं घाला. डोळ्यांत काजळ नको, मध चाटवायचा नाही, घुटी नाही, वरचं पाणीसुद्धा नाही, आईचं दूध पुरे. झोपवताना उताणी झोपवा, तोंडाजवळ उशी-चादर ठेवू नका. आणि धुरी बंद."

प्रत्येक वाक्याला मामींचा चेहरा एकेक घर खाली उतरत होता. काजळाची डबी त्यांच्या कमरेलाच होती.

"मग ती निजत का नाही?" मामींनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, प्रत्येक पोराचं एक काहीतरी असतं. ते शोधावं लागतं. मळ्यात कधीच निजत नव्हती का?"

"दुपारची निजायची की. आंघोळ करून उन्हाला आणली की विहिरीकडच्या खोलीत दोन-तीन तास गप्प पडायची. संध्याकाळ झाली की परत सुरू."

"म्हणजे ऊन मानवतंय," असं मीच म्हणालो. परत येताना आम्ही तिला उन्हाच्या कडेकडेनं आणली. ती उन्हात रडली आणि मग सावलीतही रडली. कुंची काढल्यावर अंगावरची लाली तेवढी गेली.

दुपारी जेवणं झाली. मामी बोचकी बांधायला लागल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र त्यांनी बाहेरच ठेवला, तो आम्हाला. ते बघून तर मला जास्तच वाईट वाटलं. पोर जाणार आणि लाडू राहणार!

मी पोरीला खांद्यावर घेऊन वरच्या खोलीत फेऱ्या मारत होतो. त्रिशला दाराशी येऊन उभी राहिली.

"मला न्हाई जायाचं हां परत," ती हळूच म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. "आईला सांगा तुम्ही. मला तिथं अजिबात झोप लागत न्हाई. नुसती आढ्याकडं बघत पडते रात्रभर."

इतक्या काळजीतसुद्धा मी सुखावलो. "माझ्याशिवाय?" मी विचारलं.

"तसंच समजा," ती म्हणाली आणि डोळे पुसत खाली बघून हसली.

अंगात दहा हत्तींचं बळ आलं माझ्या. मी गाणं म्हटलं. माझा आवाज कसा आहे ते गल्लीला माहीत आहे. चंदनाला तेव्हा समजला. तिनं असा सूर लावला की मामी खालून धावत वर आल्या, पोरीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "पुरं झालं, जावईबापू. तुम्ही लई केलंसा, मी बघितलं की. पण पोरीचे हाल मला बघवत नाहीत. आता जीप आली की आम्ही निघतो."

पोर लालबुंद झाली होती. मी मान डोलावली.

आणि त्याच क्षणी खालून आवाज आला. खटाक्-खट. खटाक्-खट. खटाक्-खट.

आमचा माग!

"हे काय?" मामी कडाडल्या. "पोर जायच्या आधीच माग लावला? एवढीसुद्धा कळ काढवंना?" पोरीला त्रिशलाच्या हातात देऊन त्या ताडताड जिना उतरल्या. मी त्यांच्या मागं. सासू आणि बाप यांच्यामध्ये उभं राहणं जावयाच्या नशिबातच लिहिलेलं असतं.

खाली अप्पांनी भिंतीकडचा एकच माग लावला होता आणि शेजारी सुताच्या पोत्यावर चक्क आडवे झाले होते. आम्हाला बघून उठून बसले.

"विहीणबाई, माफी करा," ते मोठ्यांदा म्हणाले. "काल संध्याकाळपास्नं माझा डोळ्याला डोळा न्हाई. लई सोसलं. म्हटलं एकच लावावा, जरा पडावं."

"म्हणजे झोपायला माग लावला?" मामी ओरडल्या.

"व्हय. बंद झाला की मला जाग येती. धागा तुटला की माग उभा राहतो, आणि माग उभा राहिला की मागवाला उठतो. तीस-चाळीस वर्षांची सवय हाय ती. आता कुठं मोडणार?"

मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुमच्या झोपंपायी त्या एवढ्याशा जीवाच्या..." असं त्यांचं चालू असतानाच जिन्यावर त्रिशला दिसली. रिकाम्या हातांनी! ती तोंडानं काहीतरी म्हणत होती, दोन्ही हात हलवत होती, वर बोट दाखवत होती, आणि मागाच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"काय झालं पोरीला?" मामींचा रंगच उडाला. त्या जिन्याकडं धावल्या. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेलो.

पाळण्यात चंदना उताणी पडली होती. तोंड अर्धवट उघडं, मुठी सुटलेल्या, पोट हलकं हलकं वरखाली होत होतं. निजली होती. डुलकी नव्हे, चांगली गाढ, लाळ गळेपर्यंत.

"माग लागला तशी गप्पच झाली," त्रिशला माझ्या कानाशी म्हणाली. "मी नुसतं पाळण्यात ठेवलं."

आम्ही तिघंही पाळण्याभोवती उभे राहिलो. खालची धडधड फरशीतून, भिंतीतून वर येत होती. दार लोटलेलं होतं, त्यामुळं वर ती कानठळ्या बसवणारी नव्हती, तळपायाला जाणवावी एवढीच. पाळण्याच्या कड्या त्या तालात बारीक किणकिणत होत्या. मला तो आवाज तोवर कधी आवाज वाटलाच नव्हता.

आणि तो थांबला. खाली अप्पांनी, विहीणबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊन, माग बंद केला होता.

चंदनाचा खालचा ओठ पुढं आला. एक डोळा उघडला. मग दुसरा.

मामींनी खिडकीकडं अशी झेप घेतली की मला वाटलं आता ह्या खाली पडतात. अर्ध्या बाहेर वाकून त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी घातली, "पाव्हणं! लावा! लावा ओ तो माग! दोन लावा!"

अप्पांनी चारही लावले. ओठ आत गेला आणि डोळे मिटले.

मामी मटकन खाली बसल्या. मग त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "अगं बाई, मोटार! विहिरीकडच्या खोलीत दुपारची निजायची ते उन्हानं न्हवं, पाण्याची मोटार चालू असायची म्हणून! वीज गेली की उठायची. आणि काल जीपमध्ये कशी निजली होती! त्रिशे, ही पोटात असल्यापास्नं तू हितंच बसत होतीस न्हवं, या खोलीत?"

"हितंच," त्रिशला म्हणाली. "पार दवाखान्यात जाईस्तोवर." आणि मग माझी नजर चुकवत पुढं म्हणाली, "मलाबी तिथं ह्याच्यामुळंच झोप लागत न्हवती, आई. हा आवाज न्हवता ना."

म्हणजे मी नव्हतोच! चार मागांपुढं माझी किंमत शून्य. पण त्या दिवशी मला तेही चाललं.

मामी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. जीप आली तेव्हा ड्रायव्हरला त्यांनी दारातूनच सांगितलं, "आजची रात्र मी राहून बघते. उद्या सकाळी ये." आणि कल्लव्वाकाकीला सांगायला गेल्या की पोरीला आवाज लागतोय हे त्यांच्या आधीच ध्यानात आलं होतं, मोटारीवरनं. डॉक्टरीणबाईंना मी जाऊन सांगितलं, तर त्या हसल्या आणि बजावलं, "वरच्या खोलीत, दार लावून ठीक आहे. खाली मागाजवळ मात्र तिला न्यायचं नाही. एवढ्याशा कानांना तो आवाज सोसत नाही." ते आम्ही शेवटपर्यंत पाळलं.

सकाळी मी उठलो तेव्हा चंदना झोपेत हसत होती, त्रिशला तिच्या शेजारी मेल्यासारखी निजली होती, आणि पुढच्या खोलीत मामी कानांत कापूस घालून, डोक्याला पदर बांधून, बोचकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकच बोचकं, त्यांचं स्वतःचं. डोळे अप्पांच्या कालच्या डोळ्यांपेक्षा लाल.

"रात्रभर पापणी लवली न्हाई माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही माणसं हायसा का कोण? जीप आली काय बघा. मी जाते." निघता निघता थांबून त्यांनी पाळण्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग कमरेची काजळाची डबी काढली, डॉक्टरीणबाईंचं आठवून परत ठेवली, पुन्हा काढली, आणि करंगळीला काजळ घेऊन पोरीच्या तळपायाला तेवढी एक तीट लावली. "पायाला चालतंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं. मामी मला काही विचारतायत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी म्हणालो, "चालतंय की, मामी." जीप वळेपर्यंत त्या डोळ्यांना पदर लावून मागं बघत होत्या.

आता मामी नाहीत, अप्पाही नाहीत. मागही नाहीत. मोठमोठ्या शेडमध्ये नवीन माग आले, आमच्यासारख्यांचे जुने भंगारात गेले, गल्लीतल्या बऱ्याच घरांचे गेले. आमच्या खालच्या खोलीत आता भाडेकरूची मोटारसायकल असते. अप्पांच्या मागाचा एक लाकडी धोटा, आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं पळायचा तो, तेवढा मी ठेवलाय, टीव्हीच्या शेजारी.

चंदना पुण्यात असते, उंच इमारतीत, खिडक्यांना जाड काचा. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. परवा दुपारी मी पेपर वाचत होतो, त्रिशला आत जरा पडली होती, आणि चंदनाचा फोन आला. मागून बारीक रडण्याचा आवाज.

"पप्पा, ही झोपतच नाही. सगळं केलं. ढेकर काढला, लंगोट बदलला, कपडे कमी केले, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. मोबाईलवर पावसाचा आवाज लावला, पंख्याचा लावला. मीसुद्धा झोपले नाही दोन दिवस." तिचा आवाज रडवेला झाला. "इथं किती शांत आहे हो, पप्पा."

माग असते तर फोन खाली नेऊन धरला असता. मग धोट्याकडं लक्ष गेलं. मी फोन टेबलावर ठेवला, पाट ओढून मांडीवर घेतला, आणि धोट्यानं पाटावर वाजवायला लागलो. खटाक्-खट. खटाक्-खट. ताल शिकावा लागला नाही. हाताला तो अजून पाठ होता.

फोनमधलं रडणं जरा खाली आलं. मी वाजवत राहिलो. मग ते मुसमुसण्यावर आलं. मग तेही बंद झालं. माझा हात भरून आला तरी मी थांबलो नाही. शेवटी फोनमधून जावयाचा कुजबुजता आवाज आला, "पप्पा, झोपल्या."

"झोपल्या म्हणजे?"

"दोघीही."

माझे डोळे भरून आले. मी धोटा हळूच टेबलावर ठेवला, फोन बंद केला आणि सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

तेवढ्यात आतून त्रिशलाचा झोपाळलेला, वैतागलेला आवाज आला, "का थांबलासा? आत्ता कुठं माझा डोळा लागला होता!"